डाव्या खिशातला चाकू

काप! काय पाहून राह्यले मधुभाऊ, काप ना दोर! मेलो मी, काप!

हा गजानन वरडून राह्यला होता, मंडपाच्या पार त्या टोकाले, दोन्ही हात दोन्ही पाय बांबूले असे चिपकवून का जसं माकडिनीच्या पोटाले पिल्लू, अन् वावधन, वादळवारं, असं सुटलं होतं ताई, असं सुटलं होतं का देवळीतल्या साऱ्या बकऱ्या जमिनीच्या चार बोटं वरून चालून राह्यल्या होत्या, खोटं सांगत असन तं माही जीभ झडो. मंडपाचं कापड फुगून टम्म, खालचे खांब जागेवरून उठून राह्यले, खाली नवरदेव, नवरी, सारं वऱ्हाड, म्हाताऱ्या, लेकरं, अन् मी शिडीच्या वरच्या पायरीवर, उजवा हात कोपरातून खांबाले अडकवलेला, डावा हात मोकळा, अन् डोळ्यापुढं कोपऱ्याचा दोर एकताऱ्याच्या तारेवानी ताणलेला. तो सुटला तं कापडातली हवा निघून जाते. नाई सुटला तं सारा मंडप खांबासकट त्या माणसाईच्या डोक्शावर. माहा डावा हात डाव्या खिशाकडं गेला.

आता मले तिथंच शिडीवर राहू द्या थोडा वेळ, पडत नाई मी. कारण पहिले तुमाले हे सांगाले पाह्यजे का चाकू डाव्या खिशात काऊन होता. सारी गोष्ट त्याच्यातच हाये. माणूस बायको बदलन एखाद्या वखत, पन चाकूचा खिसा बदलत नाई. शेवंता, आयकून नको राहू वं, चहा ठेव ताईले, माही गोष्ट लिहाले आल्या त्या.

तं माहा जनम लग्नातलाच हाये. माही माय गावातल्या एका लग्नात पोळ्या लाटाले गेलती, पोटात मी, अन् पोळ्या लाटता लाटताच तिच्या पोटात कळ आली, तवा मंडपवाल्यानंच एका कोपऱ्यात कनात लावून दिली अन् तिच्या आड मी झालो. असं वरडलो म्हनते माय, असं वरडलो का बाहीर वरातीतला घोडा बिथरला अन् बँडवाल्याईले वाटलं का दुसरा बँड आला, त्याईनं आपला बंद करून हिशोबाचे पैसे मागतले. आता हे मायनं सांगतलेलं हाये, मी तवा लहान होतो. पन मंडप माह्या नशिबात तवापासून लागला तो लागला. शाळेत मन नाई लागलं, बाहीर कुठी बांबू ठोकाचा आवाज आला का मी खिडकीतून गायब.

मले हा धंदा शिकवला गनपत उस्तादनं. नालवाडीचा माणूस, उंचीनं एवढासा, पन बांबूवर चढला का खाली उभ्या असलेल्याले वाटे का हा तिथंच उगवला असन. उस्तादनं तानलेलं कापड म्हनजे काय सांगू तुमाले, त्याच्यावर चिमनी बसली तं टन्नकन वाजे अन् चिमनी घाबरून उडून जाये. त्याची एकच शिकवन. तो म्हने, मधू, मंडपवाला दोर कापत नाई, गाठ सोडते. चोर दोर कापते, खाटिक दोर कापते, बैल मेला तं शेतकरी दोर कापते. आपन बांधलेलं आपल्याच हातानं सोडाचं, दोर जसा आला तसा मालकाच्या गोदामात गेला पाह्यजे. एकडाव मी घाईघाईत दोराले नुसता दात लावला, कापला नाई, दात लावला, तं त्यानं मले दिवसभर त्याच दोरानं खांबाले बांधून ठेवलं अन् म्हने, सोड आता गाठ. सांजच्यापर्यंत सोडली मी. त्या दिवसापासून कोनाच्या बापाची गाठ मले अडवत नाई.

सुतळीचं मात्र अलग. झालर, फुलं, कनातीचे काठ, हे सारं सुतळीनं बांधाचं अन् सुतळी कापाचीच. उस्ताद दातानं कापे. कापता कापता त्याचे पुढचे दात असे घासले का हसला तं तोंडात फुटका कंगवा दिसे. म्हनून मी ठरवलं का आपन चाकू ठेवाचा. पहिले भाजीचा चाकू कमरेले खोसत होतो, त्यानं तीन पँटी फाडल्या अन् शेवंताची भाजी नाई चिरून दिली, तवा ती म्हने, एक तं चाकू मले द्या नाई तं मी माहेरी जातो अन् चाकू घेऊन जातो.

मंग केळझरच्या जत्रेत मले हा चाकू भेटला. आमी तिथं मंडप टाकाले गेलतो. एक फेरीवाला बसला होता, हिंदीत गर्जे, मिलिटरी का माल है चाचा, लोहा काट दे! त्यानं माह्यासमोर खिळा कापला, रबर कापला, स्वतःच्या मनगटावरचे केस उडवले, मी म्हनलं जास्त दाखवू नको बाप्पा, हात राहू दे जागेवर. घडीचा चाकू. पातं मुठीच्या आत जाते, अंगठ्यानं बोंडी ढकलली का खटकन बाहीर येते. अन् मुठीच्या बाजूले ही पट्टी, क्लिप. पेनाले असते ना खिशाले अडकवाची, तशी, पन पोलादाची. चाकू खिशाच्या काठाले लटकून राहते, खाली पडत नाई, शोधा लागत नाई, हात गेला का हातात आला. मी तं येडाच झालो. बांबूवर चढलेल्या मानसाले एक हात धराले पाह्यजे, दुसरा कामाले, तिसरा असता तं चाकूले दिला असता. ही क्लिप म्हनजे माहा तिसरा हात.

पन त्या क्लिपनं मले काय काय दाखवलं, ते आयका. पहिल्याच लग्नात ती ढिली निघाली. मी वर, अंगभर वाकून झालर बांधून राह्यलो, अन् चाकू खिशातून सरकला. सरकला तो सरकला, पडता पडता उघडला, आता तो कसा उघडला हे मले इचारू नका, अन् खाली स्टेजवरच्या नवरदेवाच्या मखमली खुर्चीत, बराबर मधात, उभा रुतला. पातं वर नाई, खाली, एवढी मेहरबानी. नवरदेव तवा बसालेच वाकला होता. बसला असता तं लग्न तिथंच... जाऊ द्या, तुमी लिहून राह्यल्या. त्याच्या मामानं चाकू उपटला अन् म्हनला, हे कोनाचं हाये? मी वरून म्हनलं, मामाजी, आमच्याइकडं खुर्चीची पूजा असते. अन् त्यानं खुर्चीले हात जोडले, खरंच जोडले.

त्या दिवशी घरी येऊन मी पक्कड घेतली अन् क्लिप अशी दाबली, अशी दाबली का कागद आत जाईना. आता पड म्हनलं. दुसऱ्या लग्नात सुतळी कापाले चाकू ओढला, तं चाकू येच ना. जोर लावला. आणखी जोर लावला. चाकू आला, त्याच्यासंगं खिसा आला, खिशासंगं पँटची बाजू आली, अन् मी बांबूवर उभा, खाली सारं महिला मंडळ, अन् वारा. शेवंता सांगते का मी मुद्दाम केलं. मी मुद्दाम करीन का ताई?

तं मंग मले समजलं का क्लिप म्हनजे ढिली नाई, आवळी नाई, मधातली पाह्यजे. अन् ते मधातलं पकडनं म्हनजे दही लावन्यासारखं हाये, बोटालेच समजते. पकडीनं नाई दाबाची, ती तेवढीच कचकन दबते अन् जागीच मोडू शकते. पट्टी जागेवरच दोन अंगठ्यानं हळूहळू वाकवाची, पँटच्या कापडावर चढवून पाहाची. अन् मंग परीक्षा. परीक्षा अशी का चाकू खिशाले लावून अंगनात जोरानं उड्या माराच्या, चाकू पडला नाई पाह्यजे, अन् मंग दोन बोटानं ओढला का पँट न ओढता आला पाह्यजे. मी अंगनात उड्या मारून राह्यलो, खिशातून चाकू काढून राह्यलो, वापस ठेवून राह्यलो, वापस उड्या. शेजारचा रामभाऊ शेवंताले इचारे, मधूले कुत्रं तं नाई चावलं? ती म्हने, नाई जी भाऊजी, चाकू चावला.

असे मजेत दिवस चाललते. आमच्या बिछायत केंद्रात, म्हनजे मंडप-खुर्च्या भाड्यानं देते त्या दुकानात, वरचा माणूस म्हनजे मी. हे तुमाले समजलं पाह्यजे ताई, मंडपाच्या कामात दोनच जाती असते, वरचा अन् खालचा. खालचे लय असते, खुर्च्या मांडते, पाइप उचलते, गाद्या टाकते. वरचा एकच. तो वरून म्हनन तसा मंडप होते. लग्नाच्या घरचा मालकही त्याले मान वर करून बोलते, कितीही मोठा असला तरी. आयुष्यभर मी लोकाईले मान वर करून बोलाले लावलं. आमच्या वस्तीतून विहाराकडं जातो तं पोट्टे म्हनते, मंडपवाले काका आले, मंडपवाले. नुसते काका नाई.

अन् एका दुपारी टेम्पोतून पाइप उतरवताना दोर सरकला. माहा नाई, दुसऱ्यानं बांधला होता, हे लिहून घ्या. सारे पाइप उजव्या खांद्यावर आले. वर्ध्याच्या हाडाच्या डॉक्टरनं फोटो काढला, पट्टा बांधला, पट्टा सोडला, मालिश झाली, सारं झालं, अन् मंग म्हने, काका, हात चांगला झाला, फक्त खांद्याच्या वर नाई जानार. मी म्हनलं, डॉक्टरसाहेब, माहा सारा धंदाच खांद्याच्या वर हाये.

आमचं बिछायत केंद्र मंदाबाईचं. आमी त्याईले बाई म्हनतो. नवरा गेला तवा लोकाईनं म्हनलं दुकान विका, बाईनं आयकलं, पदर खोसला अन् गोदामाची चावी कमरेले लावली. मंडप पडला काय अन् उभा राह्यला काय, बाईच्या चेहऱ्यावरची सुरकुती हालत नाई. दर लग्नात बाई जनरेटरजवळ प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेली दिसन, पहिला दोर लागल्यापासून शेवटला दोर निंघेपर्यंत. मी लंबीचवडी गोष्ट सांगून घरापासून वर्ध्यापर्यंत जाऊन येतो, अन् बाई एक शब्द बोलते. बहुतेक तो शब्द असते, बरं.

तं मी हात घेऊन गेलो त्याईच्याकडं. म्हनलं बाई, मी बरा झालो. बाई म्हने, वर कर. मी केला. खांद्यापाशी थांबला. बाई म्हने, गजानन वर चढन आता. तू शिडी धर.

शिडी धर! काय सांगू तुमाले. ज्या शिडीवर मी चढलो ती शिडी मी धरू, अन् माह्या डोक्शावर गजाननच्या चपलांची माती पडन! गजानन वाईट नाई, चाळिशीतला माणूस, मीच शिकवला, पन गाठ मारते तं म्हैस बांधल्यासारखी. तो वरून म्हने, मधुभाऊ, सुतळी द्या. मधुभाऊ, जरा सरका. मी मान वर करून त्याच्याशी बोलून राह्यलो ताई. मान दुखली नाई, पन आत कुठीतरी दुखलं. घरी आलो तं जेवन जाये ना. शेवंता म्हने, काऊन जी, आज गोष्ट नाई सांगत कोनाची? त्याच वखती तिले समजलं का हे दुखनं मोठं हाये.

मंग मी डावा हात शिकवाले घेतला. मी म्हनलं, दोन हात दिले हाये, एकानं आयुष्यभर काम केलं, दुसरा फुकट जेवला, आता त्याची पाळी. सरकगाठ डाव्यानं, आढीची गाठ डाव्यानं, खाटेच्या पायाले बांध, सोड, बांध, सोड. खाटेले एवढ्या गाठी मारल्या का तिले वाटलं असन माहं लग्न होऊन राह्यलं. गाठी जमल्या. पन चाकू? चाकू तं उजव्या खिशाचा. डाव्या खिशात ठेवला तं क्लिप उलटी येते, मूठ मांडीत रुतते, हात घातला तं आधी पट्टीच बोटाले कापाले येते, अन् बाहीर काढून हातात फिरवल्याशिवाय अंगठा बोंडीवर जातच नाई. शिडीवर फिरवाले दुसरा हात कुठून आनू? खुर्चीवाली पूजा वापस होईन. मी चाकू कोनाड्यात ठेवून दिला. म्हनलं संपलं.

शेवंता सुपात मोहरी निवडून राह्यली होती, तिनं चाकू उचलला, उलटापालटा केला. म्हने, अजी, ह्या इकडच्या बाजूले बारीक भोकं कायची हाये?

मी म्हनलं, डिझाइन हाये वं.

ती म्हने, डिझाइन असते तं चारीकडं असते. हे बराबर तुमच्या पट्टीच्या स्क्रूएवढ्याच जागी हाये, इकडच्या जागी. पट्टी काढून इकडं काऊन नाई लावत?

ताई, इतके वर्षं तो चाकू माह्या मांडीले लागून होता. इतके वर्षं! अन् त्या भोकाईत कापडाचा मळ अन् सुतळीचा भुसा भरून राह्यला होता, मी रोज पाहो, अन् मले वाटे डिझाइन. मी उठून नाचलोच. शेवंते, म्हनलं, तुले सरकारनं ठेवून घेतलं पाह्यजे. ती म्हने, मले तुमीच ठेवून घेतलं, तेवढं पुरे हाये.

आता ते स्क्रू असे का आपल्या घरचा पेचकस त्याच्यात जाये ना. डोक्यावर चांदनीचा आकार. मी देवळीच्या बस स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडं गेलो, तो म्हने काका, हा मोबाइलचा पेचकस लागते, इथंच करा अन् वापस द्या. मी म्हनलं, इथं नाई, घरी बायकोनं शोध लावला, तिच्यासमोर झालं पाह्यजे. पेचकसाच्या बदल्यात माही चप्पल ठेवून घेतली त्यानं. अनवानी घरी आलो, उन्हाळ्याचे दिवस, रस्त्यावर पोळी भाजून निंघाली असती, पन पाय लागलेच नाई जमिनीले.

सुई घेऊन भोकाईतला मळ काढला. एक स्क्रू काढला, दुसरा काढला, पट्टी हातात आली. अन् तो दुसरा स्क्रू टुनकन उडाला अन् गेला कुठी? सुपातल्या मोहरीत. मोहरीएवढा स्क्रू, मोहरीसारखाच काळा, अन् सूपभर मोहरी! शेवंता कपाळाले हात लावून, आता निवडा म्हने, मले तं सारे सारखेच दिसते. मी बसलो. एक एक दाना. मंग म्हनलं, मधू, तू येडा का? बापाचा मोडका रेडिओ होता, त्याच्या भोंग्यातलं चुंबक काढलं, मोहरीवरून फिरवलं, अन् टिक! आला चिपकून, संगं मोहरीतले तीन खिळे अन् एक घुंगरू. घुंगरू कोनाचं ते आजपर्यंत मालूम नाई.

पट्टी डाव्या बाजूले लावली. स्क्रू लय आवळला तं भोकातले आटे घसरते, ढिला ठेवला तं चार लग्नात आपोआप निंघून जाते. शेवंतानं तिची नखाची पॉलिश आनली, लाल. म्हने, एक एक थेंब टाका, सुकली का धरून ठेवन. टाकली. असा चाकू झाला का नवरी वाटे. मंग वापस ते दह्याचं काम, पट्टी थोडी वाकवा, लावा, काढा, वाकवा. मंग अंगनात उड्या. रामभाऊ कुंपनावरून म्हने, वापस चावला का? मी डाव्या खिशात हात टाकला, दोन बोटं, खटकन. अंगठा सरळ बोंडीवर. पातं बाहीर. सुतळी धरली, कापली. ताई, एका श्वासात. मी रामभाऊले मिठी मारली, त्यानं पहिले चाकू बंद कर म्हनलं.

दुसऱ्या दिवशी गोदामात गेलो. बाई नवे दोर पाहून राह्यली होती, त्याच हंगामात आनलेले, पिवळे, जाड, अजून त्याईचा नवेपनाचा वास गेला नव्हता. बाई त्याच्यावरून असा हात फिरवे जसा नातवाच्या डोक्यावरून. मी तिथंच डाव्या हातानं गाठ मारली, सोडली, चाकू काढला, सुतळी कापली, वापस लावला. गजानन हसाले लागला, चाकूले टिकली काऊन लावली भाऊ, लगन हाये का त्याचं? मी म्हनलं, बाई, आता मले वर चढू द्या. हात वर जात नाई तं काय झालं, मी स्वतःच वर जातो, हाताले जा लागतच नाई.

बाईनं पाह्यलं. म्हने, पाहू.

त्या एका ‘पाहू’वर मी किती लग्नं शिडी धरून काढली, ते नका इचारू. अन् मंग आलं हे देवळीचं लग्न.

दुपारपर्यंत पान हालत नव्हतं. बौद्ध पद्धतीचं लग्न, पांढरे कपडे, मेनबत्त्या लागलेल्या, वंदना होऊन राह्यली, सारे हात जोडून चूप. गजानन वरच्या बांबूवर एक झालर निंघाली ती बांधाले चढला होता. अन् पुलगावच्या अंगानं आभाळ मातकट झालं. मी चाळीस कोसावरून वास घेतो वावधनाचा. मी म्हनलं गजानन, उतर. तो म्हने, दोनच गाठी. तोपर्यंत आलंच! मेनबत्त्या विझल्या, पत्रावळी उडाल्या, एका म्हाताऱ्याचा फेटा उडाला तो मंग वर्ध्याच्या टेकडीवर भेटला म्हनते. कापड फुगलं, खांब उचलले, खालचे सारे मजूर खांबाईले लटकले, नवरदेवही एका खांबाले लटकला, नवरी नवरदेवाले. तिकडं गजानन चिपकलेला, हालूही शकत नाई. शिडी कोनाच्या हातात? माह्या. मी कोनाले इचारलं नाई. शिडी कोपऱ्याच्या खांबाले टेकवली अन् चढलो.

तं या, शिडीवर वापस या आता.

पहिले गाठीवर हात टाकला. कापाचा इचारच नाई आला मले, आयकून घ्या. गाठ गजाननची. म्हशीची गाठ, अन् वरून वाऱ्यानं ओढून ओढून दगड झालेली. डाव्या हाताची नखं निंघाली, गाठ हाले ना. कानात गनपत उस्ताद, मंडपवाला दोर कापत नाई मधू. कानात गजानन, काप. खाली एक लेकरू रडून राह्यलं, अन् माह्यासमोरचा खांब जमिनीतून हातभर वर आला, मंग खाली, मंग वर. एकडाव आडवा झाला का खलास. मी मनात म्हनलं, उस्ताद, तुमी वर हाये, मी बी वर हाये, तुमच्याशी मंग बोलतो.

अन् हात खिशात गेला. एवढा चढलो, एवढा हाललो, शिडी नाचली, मी नाचलो, पन चाकू जागेवरच होता ताई, सासुरवाडीले आलेल्या जावयासारखा बसलेला, हालला नाई. अन् दोन बोटं लावली, तं आला. पँट नाई ओढली, खिसा नाई ओढला. खटकन! अंगठा बोंडीवर. पातं बाहीर. उजव्या खिशात असता तं तो हात खांबात गुंतलेला, मी काय दातानं काढला असता? उस्तादसारखे दातही नाई माह्याजवळ. दोरावर पातं ठेवलं अन् ओढलं, एक पेड गेला, दुसरा गेला, अन् दोर असा तुटला का त्याचा आवाज सेलूपर्यंत गेला, तिथं लोकाईले वाटलं का कोनाचं तरी लग्न लागलं अन् फटाका फुटला. कापडाचा कोपरा सुटला, सारी हवा भस्सकन निंघाली, खांब धपकन आपापल्या खड्ड्यात बसले, अन् कापड हळूहळू, हळूहळू साऱ्या वऱ्हाडावर असं उतरलं जशी माय लेकराईवर गोधडी टाकते. खाली अंधार. त्याच्यातून एक म्हातारी म्हने, लगन लागलं का जी?

कोनाले खरचटलंही नाई. गुलाबजामच्या गंजातल्या पाकात धूळ गेली तेवढीच, अन् ते बी लोकाईनं खाल्ले. गजाननले उतरवलं, तो माह्या गळ्यात पडून रडला, मी म्हनलं पहिले गाठ नीट माराले शिक, मंग रड. नवरीच्या बापानं मले मिठी मारली. पोट्ट्याईनं खांद्यावर घेतलं, मी म्हनलं डाव्या बाजूनंच उचला, माहा उजवा खांदा दुखते. साऱ्या देवळीत पहिले सांगत होते का वावधनात पन्नास माणसं वाचवली, आता हजार सांगते, मी कोनाले नाई म्हनत नाई. हा चाकू पाहा. ओढून पाहा तुमीच. ढिला नाई, आवळा नाई. ती लाल पॉलिश अजून निंघाली नाई, शेवंतानं मंग एकडाव वरून हात दिला. ती म्हनते, माहं नाव बी सांगा ताईले, तं लिहा, भोकं शेवंतानं पाह्यले. तुमचेही हात सलामत राहो ताई, दोन्ही, अन् जो हात काम नाई करत त्यालेही एखाद्या दिवशी काम भेटो.

अन् बाई? हो, बाईचं राह्यलंच. सारे नाचून राह्यले, मी खांद्यावर, अन् माहा जीव एकाच जागी लागलेला, जनरेटरजवळच्या त्या खुर्चीवर. मी खाली उतरलो अन् गेलो बाईसमोर. बाई वावधनातही उठली नसन, पदरावर धूळ, बाकी तशीच. तिनं वाकून दोराचा कापलेला तुकडा उचलला, वास घेतला, पेड मोकळे करून पाह्यले, बोटावर गुंडाळला अन् पदराले बांधला. मंग मान वर करून माह्याकडं पाह्यलं अन् म्हने, दोर नवा होता मधुकर. सोमवारी केळझरले मंडप हाये, वर तू चढजो, चाकू घरी ठेवून येजो.